माळ्यावरचं खोकं

मुलुंड पूर्वेच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी शेजाऱ्यांच्या घरी जेवणाला यायच्या, पण जेवायच्या नाहीत. सरबत घ्यायच्या, फळ खायच्या, "जेवूनच आले हो" म्हणायच्या. मावशी बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी. कोकणात त्यांचे पूर्वज घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मावशींचं मराठी आपल्याइतकंच, किंबहुना जरा जास्तच खणखणीत. तरी ताट नाकारतात म्हणजे तोरा आहे, असं समोरच्या घरातल्या आजींनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आजींच्या सुनेला भावाने अमेरिकेहून स्लो कुकर पाठवला होता. तो १२० व्होल्टचा, आपल्याकडची वीज २३०ची. खोकं तसंच माळ्यावर गेलं. अखेर ट्रान्सफॉर्मर आणला आणि रविवारचा बेत ठरला: क्रीम घातलेला चिकन लझान्या. पट्ट्या, क्रीम, चीज सगळं आलं.

कढईतला पदार्थ असता तर कुणासाठी थोडा बाजूला काढता आला असता. इथे एकदा थर लावून झाकण घातलं की काही बदलता येत नाही. म्हणून सून आमंत्रणाला गेली तेव्हा तिने विचारलं, "मावशी, तुम्हाला काय चालत नाही?"

मावशी खुर्ची ओढून बसल्या.

"मांस आणि दूध आम्ही एकत्र खात नाही गं. भांडीसुद्धा वेगळी. आणि कोंबडी आमच्या पद्धतीने कापलेली लागते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमचं 'घ्या हो, घ्या हो' थांबलं असतं तर बोलले असते." मग एकदम म्हणाल्या, "तो कुकर वापरलायस?"

"खोकंही उघडलं नाही."

"मग झालं तर. कोंबडी आणि पातेलं मी आणते."

रविवारी ओट्याचा ताबा मावशींकडे. क्रीमऐवजी नारळ, त्यांच्या घरी मटणाचे रस्सेही नारळाच्या दुधातच होतात. तेलावर मैदा परतून त्यात आधी पातळ दूध, मग घट्ट, वर मिरपूड आणि जायफळ. कोरड्या पट्ट्या न उकडता, मध्ये चिकन आणि सॉस घालत थर लावले. पट्ट्यांच्या कडा सॉसमध्ये बुडायला हव्यात, नाहीतर कडकच राहतात. वाफेचं पाणी आत गळू नये म्हणून झाकणाखाली स्वच्छ पंचा. मंद आचेवर साडेतीन तास. झाकण उचललं की आतली वाफ जाते आणि शिजायचा वेळ वाढतो, हे सांगूनही आजी दर थोड्या वेळाने डोकवायला हजर. त्यांच्यामुळे चार तास लागले.

तेवढ्यात सुनेने मोबाइलवर वाचून दाखवलं. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन यहुद्याने आपल्या आईकडून तिच्या आईची गोष्ट ऐकली होती. लिथुआनियातल्या त्यांच्या गावी शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारीच कडधान्य-मांसाचं पातेलं भटारखान्याच्या भट्टीत ठेवत. ते रात्रभर शिजे. त्या 'चोलंट'वरून नॅक्सनला विजेच्या भांड्याची कल्पना सुचली. १९४० साली पेटंट मिळालं, १९७१ साली हेच भांडं 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आलं.

"म्हणजे आमच्याच माहेरचं भांडं माळ्यावर टाकलं होतंत!" मावशी म्हणाल्या.

त्या दिवशी मावशींनी दोनदा वाढून घेतलं. आजींनी "नारळाचा वास जरा जास्तच येतोय" म्हणत तीनदा.

क्रीम आणि चीज तसंच उरलं. पुढच्या रविवारी त्याचा भाज्यांचा लझान्या करावा म्हणून सून पहिल्या मजल्यावरच्या जैन काकूंना विचारायला गेली. कांदा, लसूण, बटाटा नको, हे तिने आधीच लिहून नेलं होतं. काकूंनी चीजच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका नीट पाहिला, यादी वाचली, मान हलवली.

"बाकी सगळं ठीक. पण करणार कुठल्या कुकरात?"