दूध ओतणारी बाई

आज एकच चित्र समोर घ्या. योहानेस व्हर्मीरने १६६०च्या सुमारास डेल्फ्टमध्ये रंगवलेलं, आता ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेलं. लांबी-रुंदी जेमतेम दीड फूट. मोबाइलवर पाहिलं तरी चालेल, घाई मात्र नको.

आधी दुधाची धार बघा. किती बारीक आहे. बाईच्या उजव्या हातात भांड्याचा कान, डावा हात खालून आधाराला. मातीचं जड भांडं असं तिरकं, न हलवता धरायचं म्हणजे मनगटाला केवढा ताण पडतो, तो आपल्या मनगटात आठवा. थोडा वेळ तिथेच राहा.

आता टेबलावरचे पावाचे तुकडे. शिळा पाव दुधात भिजवून ती काही गोडधोड करते आहे, असं काही अभ्यासक मानतात. खाणारी माणसं चित्रात नाहीत. ती कुठल्या खोलीत बसली असतील?

जमिनीवर पाय शेकायची लाकडी पेटी आहे, तिच्यामागे भिंतीच्या तळाशी बाण मारणारा मदन रंगवलेली फरशी. प्रेमाच्या या खुणा पाहून त्या काळचा प्रेक्षक गालात हसला असणार. ही बाई मोलकरीण, आणि मोलकरीण म्हटलं की चंचल किंवा आळशी, हे तेव्हा ठरलेलंच. निकोलास मासच्या १६५५च्या चित्रात ती खरकट्या भांड्यांपाशी पेंगते, मांजर कोंबडी पळवतं आणि मालकीण आपल्याकडे बघून हसते. आपणही मालकिणीच्या बाजूने हसावं, अशी त्या चित्राची मांडणी आहे. व्हर्मीरची बाई आपल्याकडे बघतच नाही. तिला काम आहे.

आता तिच्या मागची पांढरी भिंत. खिळा, भोकं, डाग. इथे सगळ्यात जास्त वेळ थांबा. ही भिंत आधी रिकामी नव्हती. २०२२मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत रंगाखाली दोन वस्तू दिसल्या: डोक्यामागे भांडी टांगायची फळी आणि खाली निखाऱ्यांवर बाळाचे कपडे वाळवायची टोपली. व्हर्मीरने दोन्ही पुसल्या. म्हणून ही बाई इतकी भारदस्त दिसते. पण पुसलं गेलं ते तिचंच काम होतं: घासायची भांडी, वाळवायचे लंगोट. एका धारेपुरतं उरलेलं काम सुंदर दिसणारच. मला हे चित्र फार आवडतं, तरी ही शंका सुटत नाही. तुम्हीही ती लगेच सोडवू नका.

१६९६च्या लिलावात हे चित्र १७५ गिल्डरला गेलं. बाईचं नाव यादीत नव्हतं, फक्त दूध ओतणारी मोलकरीण.

व्हर्मीरच्या सासूच्या घरातल्या एका मोलकरणीचं नाव मात्र कागदावर उरलं आहे: तानेके एव्हरपूल. चित्रामुळे नव्हे, १६६६च्या एका साक्षीमुळे. व्हर्मीरची गरोदर बायको कातारिना हिच्यावर तिचाच भाऊ लोखंडी टोकाची काठी घेऊन धावून आला, तेव्हा आपण मधे पडलो, असं तिने सांगितलं होतं.