सही कुणाची आहे?

उभे राहा दोघं. ड्रॉइंगवर सही कुणाची आहे? तुमचीच ना? मग ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावानं शिमगा कशाला करताय?

मशीनची रुंदी लिहिलीत २.२० मीटर. चाळीस फुटी कंटेनरचं दार साधारण २.३४ चं, म्हणून बसतंय असं ठरवून मोकळे झालात. आणि बाजूला २२ सेंटीमीटर बाहेर आलेला फ्लँज? त्यावर ठोकलेली लाकडी पेटी? सगळं धरून २.५२ भरलं! शिरोलीतल्या कुठल्याही पॅटर्नवाल्याला विचारा. बीड आटतं म्हणून तो मीटरमागं साधारण एक सेंटीमीटर आधीच जास्त धरतो. ओतकामाच्या गावात वाढलात आणि पॅकिंगला जागा धरायची अक्कल नाही?

म्हणे, ‘सर, ओपन टॉप घेऊ.’ त्याला छत नसतं, भिंती असतात. उंची वाढली तर तो कामाचा, रुंदीला काय उपयोग? मग फ्लॅट रॅक. त्याला बाजूच्या भिंती नाहीत हे खरं, पण त्याची स्वतःची रुंदी २.४४. तुमचा माल दोन्ही अंगांनी चार-चार सेंटीमीटर बाहेर लोंबणार. शेजारच्या जागेत मग दुसरा कंटेनर बसत नाही, आणि त्या रिकाम्या जागेचं भाडंही जहाज कंपनी तुमच्याच बिलात लावते. चार सेंटीमीटरपायी!

मोठ्या मालाचं कौतुक मला सांगू नका. जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडं ७० टनांचा ऑटोक्लेव्ह निघाला, तो पोचला जुलै २०२० मध्ये. ७४ चाकांची गाडी, वाटेतली झाडं आणि विजेच्या तारा बाजूला करत गेली. टाळेबंदीनंही अडवलं, मान्य. पण ते अखंड दाबपात्र. त्याचे तुकडे करून चालणार नव्हतं. तुमचा फ्लँज आठ बोल्टांवर उभा आहे, लेको! तो काढून वेगळ्या खोक्यात घातला असता, तर पेटीसकट २.३० मध्ये काम झालं असतं.

उद्या सकाळी नवं ड्रॉइंग माझ्या टेबलावर पाहिजे. पॅकिंगसकट बाहेरची मापं, एकूण वजन, गुरुत्वमध्य आणि क्रेनचा पट्टा कुठं अडकवायचा त्या खुणा, सगळं त्यावर हवं. टेप स्वतः धरायचा, हेल्परला सांगायचं नाही. तोवर न्हावा शेवाच्या एजंटाला फोन केलात तर याद राखा.