गाडी कुणी टिकवली?

पेट्रोल पंपावर फियाट उभी केली की पूर्वी एक प्रश्न हमखास यायचा, "किती देते?" विचारणाऱ्याने स्वतः कधी ना कधी फियाट चालवलेली असायची. माझं उत्तर पुरं व्हायच्या आत त्याच्या मामाच्या नाहीतर साहेबांच्या गाडीची हकिकत सुरू व्हायची. अलीकडे प्रश्न बदलला आहे. परवा एका तरुणाने गाडीभोवती फेरी मारली, बॉनेटवरून हलकेच हात फिरवला आणि विचारलं, "काकू, विकायला काढली तर किती येतील हो?" मुलगा सालस होता, नजरेत कौतुक होतं, तरी तो प्रश्न मला दिवसभर खुपत राहिला. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातही आता हेच ऐकू येतं. अमक्याने कितीला घेतली, तमक्याला कितीची मागणी आली. आम्ही हा छंद हात काळे करून शिकलो. पैसा आला आणि छंद नासला, असं माझं मत होत चाललं होतं.

पद्मिनीची कुळकथा इथे सांगत बसत नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ल्याचा कारखाना, फियाटचा परवाना, नंबर लावून वर्षानुवर्षं पाहिलेली वाट, १९८३च्या डिसेंबरात आलेली मारुती आणि मग लागलेली उतरती कळा, हे सगळं घरोघरी माहीत आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. १९६४ साली इथे आलेलं 'अकराशे डी'चं रूप प्रेसिडेंट झालं, १९७४ पासून पद्मिनी झालं, आणि किरकोळ फेरफार होत जवळजवळ शतक संपेपर्यंत निघत राहिलं. इंजिन तेच १०८९ सीसीचं. एका पिढीच्या गाडीचा पुष्कळसा माल दुसऱ्या पिढीच्या गाडीला बसायचा.

गाडी जवळ असणं वेगळं आणि गाडी येणं वेगळं, असं मी नेहमी म्हणते. जवळ असायला पैसे आणि छप्पर पुरतं. यायला वर्षं लागतात. गाडी सकाळी घरघर करते पण धरत नाही, तेव्हा डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा सोडून टोपी काढायची. आत पॉइंट काळे पडलेले असतात. पॉलिश पेपरची बारीक पट्टी दुमडून त्यांच्यामधून दोनदा ओढायची. मग फॅनचा पट्टा हाताने ओढत इंजिन फिरवायचं, पॉइंट पुरते उघडले की थांबायचं आणि फीलर गेजचं पान फटीत सारायचं. फट अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी. पान सुटं सरकलं तर फट जास्त आहे, अडलं तर कमी. अडेल-न-अडेल अशी जी पुसट ओढ लागते तिथे स्क्रू आवळायचा. आकडा पुस्तकात आहे, पण ती ओढ बोटांना कळावी लागते. मला ती भवानी पेठेतल्या एका चाचांनी शिकवली. मी पॉइंट बसवायचे आणि त्यांनी माझ्या हातातलं पान घेऊन पुन्हा तपासायचं, असं कितीतरी वेळा झालं. "ताई, और थोडा," एवढंच म्हणायचे.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे जुन्या गाड्यांची लहानशी पागाच आहे; सगळ्या वातानुकूलित शेडमध्ये, मापाने शिवलेल्या खोळीखाली. माणूस जाणकार आहे. कुठल्या साली कुठला दिवा होता, सीटच्या शिवणीला कुठल्या रंगाचा दोरा होता, ते बिनचूक सांगतो. पण गाड्या रॅलीपुरत्या बाहेर निघतात, त्याही ट्रेलरवरून. माझी गाडी भाजीला, बँकेत आणि पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जाते हे त्यांना साहवत नाही. "अहो, तुम्ही ती झिजवताय," असं ते कळवळून म्हणतात. नियमही त्यांच्याच बाजूचे आहेत. 'फिवा' ही १९६६ साली स्थापन झालेली जागतिक संघटना वाहनाला ऐतिहासिक म्हणते तेव्हा ते निदान तीस वर्षांचं असावं, मूळ रूपात राखलेलं असावं आणि रोजच्या वापरात नसावं अशी अट घालते. आपल्याकडे २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर वीस हजार रुपये भरून 'व्हीए' मालिकेचा नंबर घेता येतो, पण मग गाडी प्रदर्शनाला न्यावी, रॅलीला न्यावी, दुरुस्तीला न्यावी. नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणू नये. पहिल्यावहिल्या पद्मिनी नुकत्याच या वयात आल्या आहेत. माझ्या गाडीला मी तो नंबर घेणार नाही.

उभी गाडी टिकते हा या गृहस्थांचा समज मला मान्य नाही. पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये सुकून जेटमध्ये राळ धरते. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते, सील वाळून तडकतात, टायर एकाच जागी चपटे होतात. शिवाय गाडी चालती नसेल तर तिच्या मालकाला ती कधीच येत नाही, आणि ज्याला येते त्या मिस्त्रीच्या हातांना काम राहत नाही.

हात म्हटले की मला घाट आठवतो. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना फियाट हमखास आचके द्यायची. पेट्रोल पंपाला इंजिनाची धग लागून आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटरला पोचायचं काहीच नाही. औषध एकच. बॉनेट उघडायचं, जुनं फडकं पाण्यात पिळून पंपावर टाकायचं आणि मुलांना चिक्की देऊन गप्प बसवायचं. रस्त्याच्या कडेला अशी उघडी बॉनेटं ओळीने दिसायची, आणि एकाचं फडकं विसरलं असेल तर पुढचा आपलं द्यायचा. अनोळखी माणसं एकमेकांच्या इंजिनात डोकं घालून मनापासून बोलायची. वडिलांची कितीतरी स्नेहाची माणसं त्या कठड्यापाशी जोडलेली होती. ही गाडी आमच्या घरात राहिली ती त्या दिवसांमुळे, तिच्या किमतीचा विचारही कुणाच्या मनात नव्हता.

आणि इथेच मला त्या गृहस्थांचं एक वाक्य अडवतं. ते म्हणतात, "किंमत आली म्हणून गाड्या वाचल्या. तुमच्या प्रेमाने किती वाचवल्या?" बराच काळ मी हे उडवून लावलं. पण माझी गाडी नेमकी कशामुळे चालती राहिली याचा हिशेब मांडू लागले की उत्तर मला अनुकूल येत नाही. वॉटर पंपाचं किट, किंगपिन, क्लच प्लेट, सायलेन्सर हे सगळं नाना पेठेत नाहीतर मुंबईला ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांत मिळायचं, अगदीच अडलं तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. ते माझ्यासारख्या चार हौशी माणसांसाठी कुणी बनवत नव्हतं. बनत होतं ते मुंबईच्या टॅक्सीसाठी. काळ्या-पिवळ्या पद्मिनी दिवसरात्र धावायच्या, झिजायच्या, दुरुस्त व्हायच्या. त्या झिजेवर दुकानं चालत होती, लेथवाले जगत होते, चाचांसारखे मिस्त्री तयार होत होते. टॅक्सीवाल्याने मूळ रूपाची पर्वा केली नाही. डिकीत सीएनजीची टाकी बसवली, छताला फुलाफुलांचं रेक्झिन लावलं, हाताला येईल तो दिवा लावला. तरीही ही गाडी खऱ्या अर्थाने जिवंत ठेवली ती त्यानेच, कारण तिच्यावर त्याचं पोट होतं. आमचं प्रेम त्याच्या कमाईच्या आधाराने उभं होतं.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ती कायद्यानेच उठली. बातमी आली तेव्हा लोकांना हुरहुर लागली, फोटो निघाले. पण टॅक्सी कमी होत गेल्या तसतसा नाना पेठेतल्या फळीवरचा माल कितीतरी आधीपासूनच आटत चालला होता. चाचांचा मुलगा या धंद्यात आला नाही, आणि त्याला दोष द्यायला मला जागा दिसत नाही.

तेव्हा पैसा छंदात नंतर शिरला, हे माझं म्हणणं टिकत नाही. पैसा पहिल्यापासून होता. तो टॅक्सीवाल्यांच्या खिशातून यायचा, म्हणून मला दिसत नव्हता. तो झरा आटला आहे. आता रबरी सील पुन्हा साच्यातून काढायचे, वॉटर पंपाची बेअरिंगं जुळवून आणायची, तर त्याचा खर्च कोण करणार? ज्यांच्या गाड्यांना भाव आला आहे तेच करतील. या मुद्द्यावर ते गृहस्थ बरोबर आहेत, आणि हे मला कबूल करावंच लागतं. गेल्या वर्षी त्यांनी एका गाडीचं पूर्ण काम चाचांकडे दिलं. बिल एवढं झालं की चाचांनी भाच्याला पगारावर ठेवून घेतलं. तो पोरगा आता टॅपेटचा आवाज ऐकून कितव्या सिलिंडरचा ते सांगू लागला आहे.

एवढं मानूनही माझं त्यांच्याशी भांडण मिटलेलं नाही. एकदा भरलेल्या मोठ्या बिलाने पोरगा वर्षभर टिकेल. पुढची दहा वर्षं टिकायला त्याच्याकडे दर महिन्याला बिघडलेल्या गाड्या यायला हव्यात, आणि खोळीखालची गाडी बिघडल्याचं मालकाला कळतसुद्धा नाही. म्हणून मी त्यांच्या मागे लागले आहे की, सगळ्या नको, निदान दोन गाड्या नेहमीच्या नंबरवर ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी लक्ष्मी रोडच्या गर्दीत घाला. दुसऱ्या गिअरवर क्लच तापू दे, पॉइंट काळे पडू देत. अजून ते तयार झालेले नाहीत. पण परवा फोन करून त्यांनी विचारलं, पावसाळ्यात वायपर बंद पडला तर तुम्ही काय करता?