हळदीवरची बंदी

एप्रिल १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायपीठाने, एक फर्मान काढलं. ख्रिस्ती घरात तुळस नको, लग्नात हळद नको, विडा-सुपारी नको, धोतर-चोळी नको. इतकंच काय, बिनमिठाचा भातही शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात. या न्यायपीठाचा हात ठाणे-वसईपर्यंत पोहोचत होता. पण पुढच्याच वर्षी ठाणं मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलं आणि १७३९ मध्ये वसईही पडली. आज याच पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या लग्नात आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणतात, हळदही लागते आणि दुसऱ्या दिवशी तेच वऱ्हाड मिस्साला चर्चमध्ये बसतं.

फर्मान काढणाऱ्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. देवाला न मानवणारं घरातून काढावं, ही त्यांची मागणी शास्त्राला धरूनच होती. चुकली ती पारख. ते दोष वस्तूत शोधत होते. करिंथच्या बाजारातल्या, मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल पौलाने याआधीच वेगळा निवाडा दिला होता : मूर्ती काहीच नाही, मांस खायला हरकत नाही, मात्र त्यामुळे दुबळ्या मनाचा भाऊ अडखळणार असेल, तर खाऊ नये. इ. स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरींनीही इंग्लंडमधल्या धर्मप्रचारकांना कळवलं, की मूर्ती काढा, देवळं राहू द्या. मग पुष्कळ काळ गाडी उलटी गेली आणि १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलं, की अंधश्रद्धेशी अतूट बांधलेलं नाही ते उपासनेतही घेता येईल.

अशाने काहीही खपेल, हा आक्षेप येतोच. मला तो पटत नाही, कारण पारख उरतेच : त्या वस्तूकडे आपण मागतो काय? हळदीकडे कोणी काही मागत नाही. मांत्रिकाने मुलाच्या दंडाला बांधलेल्या गंड्याकडे मात्र संरक्षण मागितलेलं असतं, मग गळ्यात क्रूस असो वा नसो. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ज्यांचे आजोबा जातीच्या जाचातून सुटायला ख्रिस्ती झाले, त्यांना ‘आपली संस्कृती’ म्हणून तेच विधी परत आणलेले कसे रुचतील? इथे पौलाची दुबळ्या भावाची अट लागू होते. म्हणजे एकाच शहरात, समजा डोंबिवलीत, दोन मंडळ्यांची दोन उत्तरं निघतील आणि दोन्ही बरोबर असतील. नियम करणाऱ्यांना हे आवडत नाही, त्याला इलाज नाही.

डोळ्यांना दिसतं तेवढंच बंदीच्या यादीत सापडतं, ही खरी अडचण. गोव्यात चोळीवर नजर होती, पण चर्चच्या कोन्फ्रारियांमध्ये, म्हणजे भाविकांच्या बंधुमंडळांमध्ये, जात बिनधोक नांदत होती. केरळातून येऊन कल्याण-डोंबिवलीत स्थिरावलेल्या सिरो-मलबार कॅथलिक कुटुंबांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत झाला. त्यांच्या लग्नात वर वधूच्या गळ्यात मिन्नू बांधतो : सोन्याचं छोटं पान, त्यावर बारीक मण्यांचा क्रूस, मंत्रकोडी साडीतून ओढलेल्या धाग्यांत ओवलेलं. हे मंगळसूत्राचं भावंड चालतं का, यावर वाद घालता येतो. येशूने मात्र देवाचा प्रतिस्पर्धी म्हणून नाव घेतलं ते धनाचं. पानावर क्रूस आहे की नाही हे वेदीसमोर सगळ्यांना दिसतं. त्या पानासोबत किती तोळे ठरले, ते बैठकीच्या खोलीतच राहतं.