दोन बोटांचा हिशेब

पंचगंगेच्या काठी एका गावात एक गुऱ्हाळ होतं. मालकाला सगळे आण्णा म्हणत. दिवाळी सरली की घाण्याची पूजा व्हायची, चुलवाण पेटायचं आणि उन्हं तापेपर्यंत काईल थंड व्हायची नाही. हाताखाली आठ माणसं. गुळव्या होता, चुलवाणात चिपाड सारणारा तात्या होता आणि घाण्यात ऊस घालायला शिवा होता.

आण्णा मायाळू माणूस. दुपारी मजुरांच्या भाकरीबरोबर त्यांच्या घरचं कोरड्यास यायचं. शिवाच्या लग्नाला पैसे त्यांनीच दिले होते. त्यांनी ट्रॅक्टरचा विमा काढला होता, गाईंचा काढला होता. माणसांचं कुणी विचारलं तर म्हणायचे, "ती घरचीच हैत. घरच्या माणसाला कसला कागूद?"

2022 च्या हंगामात, जानेवारीतल्या एका पहाटेच्या आधणाला ऊस घाण्यात तुंबला. शिवानं तो हातानं आत रेटला, आणि हात मागं आला नाही. कुणीतरी धावत जाऊन मोटार बंद केली. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली. तर्जनी आणि तिच्या शेजारचं.

आण्णांनी स्वतःच्या गाडीतून त्याला कोल्हापूरला नेलं, दवाखान्याचं सगळं बिल भरलं, घरी तांदूळ पाठवले. गावातल्या एका जाणत्यानं सल्ला दिला, "वीस हजार द्या आणि स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या. पुढं कटकट नको." शिवाला सही करता येईना, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला.

फेब्रुवारीत शिवा कामावर आला. आता तो गुळाच्या ढेपा मोजायचा. पूर्वी उसाच्या मोळीवरून आण्णांशी भांडणारा हा गडी आता सांगेल ते करायचा, देतील ते घ्यायचा, वर मान करायचा नाही. आण्णांना वाटलं, पोरगं शहाणं झालं.

मार्चमध्ये गूळ न्यायला एक पेन्शनर आले. कामगार न्यायालयात त्यांनी उभी नोकरी कारकुनीत काढली होती. उसाचा रस पिता पिता त्यांचं लक्ष शिवाच्या हाताकडं गेलं. त्यांनी विचारलं, तेव्हा आण्णांनी मोठ्या समाधानानं तो स्टॅम्पपेपर दाखवला.

पेन्शनरांनी तो वाचला. "आण्णा, ह्यात गूळ बांधा. कामगारानं हक्क सोडला असं लिहून घेतलं, तरी कायदा ते मानत नाही. 1923 च्या भरपाई कायद्यात तसं लिहिलंय."

मग त्याच कागदाच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला. शिवाचं वय 30. मजुरी गुळाच्या वजनावर, पण महिन्याची सरासरी 12,000. त्याचे साठ टक्के 7,200. तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98. गुणाकार आला 14,97,456. ही कायमच्या पूर्ण निकामी झालेल्या माणसाची रक्कम. एका हाताची दोन बोटं गेली तर तिचे 20 टक्के.

खाली आकडा उतरला, 2,99,491.

"दवाखान्याचं मी भरलंय की!"

"तेही कायद्यानं तुमच्याकडंच होतं. शिवाय महिना उलटून गेलाय. आता शेकडा 12 नं व्याज चढतंय."

"मोठ्या कारखान्यांत सरकारी विमा असतोय न्हवं?"

"गुऱ्हाळ हंगामी धंदा, त्याला राज्य कामगार विमा लागू नाही. म्हणून तर सगळं मालकावर येतं. कंपनीचा विमा काढला असता तर कंपनीनं भरलं असतं. नाही काढला, तर तुम्ही."

आण्णा चिडले. "म्हंजे शिवा माझ्यावर केस करणार?"

"तो करणार नाही," पेन्शनर म्हणाले. "म्हणूनच सांगतोय."

हंगाम संपताना आण्णांनी दोन गाई विकल्या, उरलेलं अडत्याकडून उचललं. करार लिहिला आणि कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात नोंदवला. पैसे शिवाच्या खात्यावर जमा झाले. चार दिवसांनी ढेपा तोलताना शिवा सगळ्यांसमोर म्हणाला, "आण्णा, काटा चुकतोय. आमचं वजन कमी धरताय." आण्णा चमकले. कितीतरी दिवसांनी त्यांनी हा आवाज ऐकला होता.

आण्णांची माया खोटी नव्हती. पण शिवाचं जे होतं ते त्याला उपकार म्हणून मिळत होतं, आणि उपकार घेणाऱ्याला काटा चुकतोय असं म्हणता येत नाही. हे आण्णांना कुणी समजावून सांगितलं नाही. त्यांना ते त्या काट्यापाशी कळलं.

पुढच्या दिवाळीनंतर, घाण्याच्या पूजेआधी, विमा एजंट आला. नाव, वय, पगार विचारू लागला. आण्णांच्या वहीत ऊस होता, ढेपा होत्या, कुणाची किती उचल ते होतं. पगाराचा रकाना नव्हता. चुलवाणावरच्या तात्याचं आडनाव तर तात्यालाच विचारावं लागलं.

हप्ता पगाराच्या बेरजेवर बसतो म्हटल्यावर आण्णा हळूच म्हणाले, "सगळ्यांचे आठ-आठ हजार लिवा."

शिवा शेजारीच उभा होता. "बारा लिवा, आण्णा. कंपनी लिवलेल्या आकड्यावर बघती. ऱ्हायलेलं परत तुमच्याच अंगावर येतंय."

आण्णांनी एजंटाला आठ खोडायला लावलं आणि बारा लिहायला सांगितलं.

तोवर मागनं गुळव्या पुढं सरकला. "माजं चौदा हाय."