आधी सांगा, कोण बोललं?

निवडणूक जाहीर झाली की माणसांना आचारसंहिता लागते आणि देवांना ओव्हरटाइम. एरवी आमच्या तेल्हाऱ्याकडचे देव तसे निवांत असतात. शनिवारी मारुतीला तेल, गुरुवारी गजानन महाराजांची आरती, वर्षातून एखादा उरूस, की झालं. पण उमेदवारीचा फॉर्म भरायची तारीख आली, की एकाच सकाळी मारुतीपुढे नारळ फुटतो, दर्ग्यावर चादर चढते, बुद्धविहारात मेणबत्ती लागते आणि दुपारी शेगावला समाधीवर डोकं टेकलं जातं. संध्याकाळी हाच उमेदवार चौकात उभा राहून सांगतो, की आपण जातधर्म मानत नाही. सकाळपासून त्याने सगळेच मानले असल्यामुळे हे म्हणायला हरकतही नसते!

आदर्श आचारसंहितेत स्पष्ट लिहिलं आहे, की मंदिर, मशीद, चर्च यांचा प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापर करू नये. उमेदवार हे कलम तंतोतंत पाळतो. तो देवळात भाषण करत नाही, नुसते हात जोडतो. फोटोग्राफर तेवढा बरोबर नेतो.

इथवर माझी काही तक्रार नाही. गरजेच्या वेळी देव आठवणं हा मनुष्यधर्मच आहे. परीक्षेला बसलेला मुलगा आणि निवडणुकीला उभा राहिलेला बाप यांत त्या बाबतीत फरक करू नये. माझा प्रश्न पुढचा आहे. पाच-सहा सभा झाल्या, की कुणीतरी धर्मावरून काहीतरी बोलतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'वादग्रस्त विधान' जन्माला येतं.

वादग्रस्त विधान हा मोठा मजेशीर प्रकार आहे. त्याला दोन व्याकरणं असतात. आपल्या पक्षाचा माणूस बोलला, तर ते 'ओघात' बोललेलं असतं, 'संदर्भ सोडून' छापलेलं असतं आणि पेपरवाल्यांनी त्याचा 'विपर्यास' केलेला असतो. तेच वाक्य दुसऱ्या पक्षाचा माणूस बोलला, तर 'पोटातलं ओठावर' आलेलं असतं आणि 'खरा चेहरा' उघडा पडलेला असतो. म्हणजे ओघ आणि संदर्भ हे फक्त आपल्याकडे असतात. समोरच्याकडे नुसतं पोट आणि चेहरा!

मी बँकेतला कारकून असल्यामुळे मला हे बघताना चेक आठवतो. आमच्याकडे चेक आला, की आम्ही तारीख बघतो, अक्षरी रक्कम बघतो, आकडा बघतो, दोन्ही जुळतात का ते बघतो आणि सही नमुना सहीशी ताडून बघतो. राजकीय विधान पास करताना मात्र लोक फक्त सही बघतात. सही आपल्या माणसाची निघाली, की वर काय लिहिलं आहे ते न वाचता पास! दुसऱ्याची निघाली, की अक्षरं न वाचताच परत! तारखेचंही तसंच. चेक तीन महिन्यांनी शिळा होतो. इथे समोरच्याचं तीस वर्षांपूर्वीचं विधान केव्हाही वटतं आणि आपल्या माणसाचं परवाचं विधान आज शिळं झालेलं असतं. "जाऊ द्या हो, जुनं झालं ते."

एकदा निवडणुकीच्या दिवसांत डबा खाताना मी एक प्रयोग केला. आमच्या शाखेत दोन कडवे पक्षाभिमानी आहेत. एक हेडकॅशिअर, दुसरे कर्जविभागातले. दोघांचे पक्ष वेगळे, म्हणून डबे शेजारी असले तरी भाजीची देवाणघेवाण आचारसंहितेच्या काळात बंद असते. मी पेपरातलं एक वाक्य वाचून दाखवलं. अमुक धर्माच्या सगळ्यांनी एकगठ्ठा मत द्यावं, नाहीतर त्यांचं खरं नाही, अशा मतलबाचं. बोलणाऱ्याचं नाव मात्र सांगितलं नाही. म्हटलं, "बोला, बरोबर की चूक?"

हेडकॅशिअरांनी घास थांबवला. कर्जविभागाने चष्मा पुसला. मग दोघं एकदमच म्हणाले, "आधी सांगा, कोण बोललं?"

"ते शेवटी सांगतो. आधी वाक्याचं सांगा."

"वा! असं कसं? माणूस कळल्याशिवाय वाक्य कळत नसते," कर्जविभाग म्हणाले. त्या दिवसात दोघांचं एकमत झालेला हा पहिलाच मुद्दा.

ग्लासात पाणी ओतणारा आमचा शिपाई हे ऐकत होता. तो म्हणाला, "मंग सायेब, वाक्याचं कोनालेच काई नाई. मानसाचंच हाय सारं." आणि जग घेऊन निघून गेला. मी बी.कॉम. झालो तेव्हा हिशेबतपासणीचा एक अख्खा पेपर दिला होता. त्यातही इतका थोडक्यात शेरा कुठे वाचल्याचं आठवत नाही.

हा रोग काही वऱ्हाडातल्या खाऱ्या पाण्याचा नाही. २००८ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. बराक ओबामांचे शिकागोतले धर्मगुरू जेरेमाया राइट यांच्या जुन्या प्रवचनांच्या फिती मार्च महिन्यात बाहेर आल्या. देवाने अमेरिकेला आशीर्वाद द्यावा असं म्हणायची तिकडे रीत, तर यांनी शाप मागितला होता. रिपब्लिकन मंडळी खवळली. ओबामांना फिलाडेल्फियात लांबलचक भाषण करावं लागलं, आणि मे अखेर त्यांनी ते चर्चच सोडलं. आता दुसरी बाजू बघा. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांना जॉन हेगी नावाच्या मोठ्या धर्मगुरूचा पाठिंबा फेब्रुवारीतच मिळाला होता. या हेगींचं हिटलरलाही देवाच्या योजनेत बसवणारं एक जुनं प्रवचन सापडलं, आणि मॅकेननी मे महिन्यात तो पाठिंबा नाकारला. मजा अशी, की राइटच्या फिती घासून घासून वाजवणाऱ्यांना हेगी नीट ऐकू येत नव्हते, आणि हेगींवर तुटून पडलेल्यांना राइटमध्ये संदर्भ दिसत होता. आमचे हेडकॅशिअर आणि कर्जविभाग तिथेही शेजारी शेजारीच डबा खात असणार!

आपल्याकडचं उदाहरण तर याहून घरचं आहे. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली. डॉ. रमेश प्रभू शिवसेनेच्या पाठिंब्यावर उभे होते. बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांच्यासाठी सभा घेतल्या आणि ही लढाई हिंदुत्वाच्या रक्षणासाठी आहे, मुसलमानांच्या मतांची पर्वा नाही, अशा अर्थाचं बोलले. प्रभू जिंकले. हरलेले काँग्रेसचे उमेदवार प्रभाकर कुंटे कोर्टात गेले. हायकोर्टाने एप्रिल १९८९ मध्ये निवडणूक रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबर १९९५ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केलं. ज्या विधानसभेची ती जागा, ती तोवर कधीच विसर्जित झाली होती. पुढे १९९९ साली ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

त्याच दिवशी, त्याच न्यायमूर्तींनी मनोहर जोशी यांच्या खटल्याचाही निकाल दिला. देशातलं पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात होईल, असं ते १९९० च्या प्रचारात बोलले होते. कोर्टाने ते विधान मुळीच गोड मानून घेतलं नाही. पण ही फार तर आशा झाली, धर्माच्या नावावर मतांची मागणी नव्हे, असं ठरवलं. जोशी तेव्हा मुख्यमंत्री होते, ते राहिले. एकाच दिवशी दोन निकाल, आणि ज्याला जो सोयीचा त्याने तो उचलला. दुसरा कुणी वाचलाच नाही.

आता जरा हिशेब मांडू. पार्ल्याच्या त्या निवडणुकीत भारतीय जनता पक्ष शिवसेनेच्या विरोधात, जनता पक्षाच्या उमेदवारामागे होता. १९८९ मध्ये दोघांची युती झाली. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून ज्या काँग्रेसचा उमेदवार कोर्टात गेला, त्याच काँग्रेसच्या पंतप्रधानांनी १९८९ च्या प्रचाराची सुरुवात फैजाबादहून, रामराज्याचं नाव घेऊन केली. आणि २०१९ मध्ये तीच काँग्रेस शिवसेनेबरोबर सरकारात बसली. बत्तीस वर्षांत खुर्च्या इतक्या फिरल्या, की जुनी भाषणं आता कुणी कुणाविरुद्ध वापरायची याचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागेल. नेत्यांनी जागा बदलल्या याचं मला नवल नाही, बदल्या आमच्याही होतात. नवल आपलं आहे. ते फिरले तसतशी आपली चीडसुद्धा त्यांच्यामागे सामान उचलून फिरली!

कायद्याची गंमत पुढेच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात 'भ्रष्ट आचरणां'ची यादी आहे. पहिलं लाच, दुसरं गैरवाजवी दबाव, आणि तिसऱ्या क्रमांकाला धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मतं मागणं. भ्रष्टाचार म्हटला, की आपल्याला टेबलाखालचं पाकीट आठवतं; कायद्याने मात्र देवाचं नाव त्याच यादीत, पाकिटापासून दोन पायऱ्यांवर ठेवलं आहे. त्या कलमात 'त्याचा' धर्म असा शब्द आहे. हा 'त्याचा' म्हणजे कुणाचा? उमेदवाराचा की मतदाराचाही? एवढ्या एका सर्वनामासाठी सात न्यायमूर्ती बसले, आणि २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं, की मतदाराचाही. शाळेत सर्वनाम चुकलं, की अर्धा मार्क जायचा. इथे आमदारकी जाते.

विरोधी मत दिलेल्या तिघांचं म्हणणंही सोडून देण्यासारखं नाही. त्यांचा मुद्दा असा, की जातीमुळे किंवा धर्मामुळे ज्याने सोसलं, त्याचं गाऱ्हाणं निवडणुकीत बोलायचं नाही, तर मग बोलायचं कुठे? 'मी अमुक जातीचा, म्हणून मला मत द्या' हे एक. आणि 'मी अमुक जातीचा म्हणून मला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही' हे दुसरं. दोन्हींत जात आहे, पण एकात ती भांडवल आहे आणि दुसऱ्यात जखम. तेव्हा माझ्या प्रयोगात नाव झाकायचं, परिस्थिती झाकायची नाही. बोलणारा कोणत्या पक्षाचा, हे न बघता चालतं. तो कुणावर बोलतोय आणि ज्याच्यावर बोलतोय त्याला परत उत्तर द्यायची सोय आहे का, हे बघितल्याशिवाय चालत नाही.

कायदा उमेदवाराला धरतो, त्याच्या वतीने बोलणाऱ्याला धरतो. टाळी वाजवणाऱ्याला धरायचं कलम मात्र कुठेच नाही. ते असावं असं माझं म्हणणंही नाही. तुरुंग पुरायचे नाहीत. पण टाळीचा हिशेब कुठेतरी होतो, तो मी काउंटरवर पाहिला आहे.

एका सभेनंतरच्या सकाळी आमच्याकडचा गादी भरून देणारा मुसलमान पिंजारी पासबुक घेऊन आला. हेडकॅशिअरांच्या घरच्या झाडून सगळ्या गाद्या त्याच्या हातच्या. त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या सुद्धा. आदल्या रात्री पाहुण्या वक्त्याने त्याच्या धर्माच्या लोकांवर जे काही तोंडसुख घेतलं, त्यावर मैदान दणाणून गेलं होतं. पिंजारी स्लिप देत सहज म्हणाला, "काल समोरच्याच लायनीत बसले होते न, सायेब? माह्या घरापर्यंत आवाज आला." बास. ना राग, ना गाऱ्हाणं. हेडकॅशिअरांनी चार हजार रुपये तीन वेळा मोजले.

दुपारी ते मला म्हणाले, "मी कुठे काय बोललो? नुसती टाळी तर वाजवली."

वक्ता त्याच रात्री गाडीत बसून निघून गेला. तो काही इथे गादी भरून घेणार नाही. इथे राहणार हेडकॅशिअर आणि पिंजारी. पीककर्जाच्या रांगेत दोघांचे नातेवाईक मागेपुढे उभे राहणार, आणि खारपाणपट्ट्यातलं पाणी दोघांच्या जिभेला सारखंच खारट लागणार. त्या पाण्यावर आणि कापसाच्या भावावर त्या सभेत किती मिनिटं गेली, हे विचारलं तर हेडकॅशिअरांना आठवेना.

माझं एवढंच म्हणणं आहे. समोरच्या पक्षाच्या वाईट वाक्यावर चिडायला काही लागत नाही. ती रक्कम दुसऱ्याच्या खात्यात नावे पडते आणि आपण फुकट सज्जन ठरतो. आपल्या माणसाच्या वाईट वाक्यावर गप्प बसवत नाही, तेव्हा आपल्या खात्यातून पैसे जातात. मित्र तिरके बघतात, 'तू पण त्यांच्यातला झालास का?' म्हणून विचारतात. ज्याला असा खर्च पडतो, ती नीती. बाकीचं सगळं नुसतं स्टेटमेंट.

हेडकॅशिअरांनी पक्ष सोडलेला नाही. मतही तिकडेच देतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण पुढच्या सभेत तशाच एका वाक्यावर मैदान उसळलं, तेव्हा ते हात मांडीवर ठेवून बसले होते, असं कर्जविभागाने मला सांगितलं. (कर्जविभाग तिथे काय करत होते, हे मी विचारलं नाही.) शेजारच्याने कोपराने ढोसून विचारलं, "काय झालं, बाप्पा? हात दुखतेत काय?"

"हाव," हेडकॅशिअर म्हणाले, "लय दुखून राह्यले."