ज्याला काही आठवणार नाही, त्याचा प्रवास

तान्ह्या बाळाला घेऊन उन्हाळ्यात गावी जायचं की नाही, हा प्रश्न वरवर पाहता तिकिटांचा, डायपरचा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याचा आहे. यंदा त्यावर विचार करायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की यात तिकिटं हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड भाग असा: एका माणसाच्या आनंदासाठी दुसऱ्या माणसाला, तेही ज्याला 'नको' म्हणता येत नाही अशाला, किती त्रास द्यायचा आपल्याला अधिकार आहे?

आमचं प्रकरण साधं. आम्ही पुण्यात राहतो, गाव वर्धा जिल्ह्यात. रेल्वेने सुमारे ८०० किलोमीटर. मे महिन्यात मुलगा आठ महिन्यांचा होणार होता. त्याच महिन्यात गावी चुलत भावाचं लग्न, म्हणजे सगळं खटलं एकत्र. आणि घरात आजी, वय ८६. म्हणजे बाळाची पणजी. तिने त्याला अजून हातात घेतलेलं नव्हतं.

ऑफिसमधल्या एका मित्राचं म्हणणं होतं, "त्याला काहीच आठवणार नाही यार. कशाला एवढं? व्हिडिओ कॉल कर." हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोठ्या माणसांच्या सगळ्यात जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात. त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलं जातं. म्हणजे पणजीची मांडी, अंगणातला कडुनिंब, लग्नातला बँड, यातलं काहीही त्याच्यापाशी उरणार नाही. मग हा प्रवास त्याच्यासाठी कसा?

पण हे माप पुरतं लावून बघा. जे आठवणार नाही ते मोजायचं नाही, असं ठरवलं तर त्याचा आनंद जसा शून्य होतो तसा त्याचा त्रासही शून्य होतो. उन्हात तापलेल्या स्टेशनवर तो तासभर रडला तरी हरकत नाही, कारण आठवणार कुठे आहे? असं म्हणायला कुणीच धजणार नाही. लस टोचताना आपण त्याला छातीशी धरतो, तेही त्याला आठवणार नसतं. म्हणजे आठवण हे मोजमाप आपण मनापासून मानतच नाही. सोयीचं असेल तेव्हा फक्त वापरतो. बाळाचा आत्ताचा क्षण मोजावा लागतो, कारण तो आत्ता त्याच्यावर गुजरतो आहे.

राहिला व्हिडिओ कॉल. आजीच्या डोळ्यांना फोनच्या पडद्यावरचं नीट दिसत नाही. "दिसला का?" असं आम्ही विचारतो आणि ती "दिसला, दिसला" म्हणते, ते आम्हाला बरं वाटावं म्हणून. तिची ओळख हातांनी होते. हा तिचा हट्ट म्हणता येणार नाही.

मग दुसरी अडचण. इमान्युएल कान्टने १७८५ साली लिहिलेल्या एका छोट्या ग्रंथात नीतीचं एक सूत्र मांडलं: माणसाला, मग ते आपण असू किंवा दुसरा, कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये. सूत्रातला कळीचा शब्द 'केवळ' हा आहे. रिक्षावाला आपल्याला पोचवतो, तेव्हा तो आपलं साधन असतोच. पण आपण त्याला भाडं देतो, त्याला नकार देता येतो, त्याचं म्हणणं ऐकतो. आठ महिन्यांच्या बाळाला यातलं काहीच लागू होत नाही. आजीच्या आनंदासाठी त्याला ४५ अंशांच्या आसपासच्या उन्हात नेणं म्हणजे त्याला साधन करणंच झालं. प्रश्न इतकाच, की 'केवळ' साधन का?

यावर नेहमीचं उत्तर असतं: "मोठा झाल्यावर तो म्हणेल, बरं झालं नेलंत." म्हणजे उद्याच्या संमतीच्या भरवशावर आजचा निर्णय. मला हे उत्तर पटलं नाही. कारण उद्या तो काय म्हणेल, हे आपण त्याला कुणात वाढवतो यावरच ठरणार आहे. गोतावळ्यात वाढवला तर तो म्हणेल, बरं झालं. चौघांच्या फ्लॅटमध्ये वाढवला तर कदाचित म्हणेल, काय गरज होती? परीक्षा आपण घेतो आणि पेपर तपासणाऱ्यालाही आपणच घडवतो. अशा परीक्षेत पास होण्यात फार अर्थ नाही. अर्थात, न नेणं हाही त्याच्या संमतीशिवाय घेतलेलाच निर्णय आहे. त्याच्या वतीने काहीच न ठरवणं, ही सोय पालकांना नसते.

मग आधार कशाचा घ्यायचा? मला थोडी मदत झाली ती 'ऋण' या आपल्या जुन्या कल्पनेची. पितृऋण संततीने फिटतं, असं परंपरा सांगते. म्हणजे मागच्यांचं देणं पुढच्यांना वाढवून फेडायचं. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यात एक खाचखळगा आहे. आजीचं देणं माझ्यावर आहे. आई नोकरीवर जायची तेव्हा चार वर्षांचा होईपर्यंत मला आजीने सांभाळलं. ते देणं फेडताना मी बाळाला नोटेसारखं तिच्या हातावर ठेवत असेन, तर देणं माझं आणि खिसा त्याचा. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला: देणं ज्याचं, खर्च त्याचा. या प्रवासातला जेवढा त्रास बाळाच्या अंगावरून काढून माझ्या अंगावर घेता येईल तेवढा घ्यायचा. उरेल तो मोजायचा, आणि तो नुकसान करणारा असेल तर जायचं नाही.

हा नियम लावला की प्रश्नाचे तुकडे पडतात. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण स्वतंत्र जागाही मिळत नाही. २०२२च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून बाळासाठी छोटा बर्थ लावून बघितला होता, तो एक प्रयोग. एरवी बाळ आईच्या बर्थवर आणि आई भिंतीला चिकटून जागी. म्हणजे फुकट तिकिटाची किंमत आईच्या झोपेतून वसूल होते. माझ्या नियमाला इथे एक पोटकलम जोडावं लागलं: बायकोचा खिसाही माझा खिसा नाही. गाव माझं, आजी माझी. त्यामुळे रात्री जागायचं मी, आणि गावी पोचल्यावर जे सल्ले येतील त्यांना उत्तरं द्यायची तीही मी. कारण सल्ला बाळाबद्दल असला तरी तो ऐकवला जातो सुनेला.

सल्ले येतातच. मध चाटव, काजळ घाल, गुटी दे. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, असं सांगितलं की मोठी आई म्हणते, "आमी नाही का वाढोले पोरं?" वाढवले, हे खरंच आहे. पण या वाक्यात एक फट आहे. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली हा आकडा २८ होता. जी गेली ती 'आम्ही नाही का वाढलो' म्हणायला ओसरीवर बसलेली नसतात. टिकलेलेच फक्त साक्ष देतात.

आणि या बाबतीत मला सगळ्यात विचार करायला लावलं ते आजीने. तिची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. एक ऐन उन्हाळ्यात, हगवणीने. 'आम्ही नाही का वाढवले' हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. ती फक्त विचारते, "डाक्टर काय म्हन्ते?" आपण जुन्या लोकांना परंपरेचे पहारेकरी समजतो आणि नव्या माहितीशी त्यांचं भांडण लावून देतो. ज्यांनी गमावलं आहे त्यांना नव्या माहितीची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. बढाई मारते ती मधली पिढी.

डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान बाळाचं शरीर उष्णता नीट बाहेर टाकू शकत नाही, पाणी लवकर कमी होतं. टाळता येत असेल तर मे टाळा. मग टाळता येतं का, ते बघितलं. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि जूनच्या मध्याच्या सुमारास तिकडे पाऊस पोचतो. म्हणजे जूनच्या शेवटाकडे आठवडाभराची अशी एक फट असते, जेव्हा ऊन उतरलेलं असतं आणि चुलतभावंडांची पोरं अजून घरीच असतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एप्रिलमध्ये थर्ड एसीची दोन तिकिटं काढली. लग्नाला मी एकटा गेलो, दोन दिवस. "लेकराले नाही आनलं?" हे वाक्य किमान चाळीस जणांकडून ऐकलं आणि तोच माझा खर्च होता.

पण यात हिशोब सुबक जुळला असं समजू नका. बाळाचे सहा आठवडे वाचवले ते कुणाच्या तरी खात्यातून घेतले. ८६ वर्षांच्या बाईला "थांब अजून दीड महिना" म्हणणं ही फुकटची गोष्ट नाही. काही झालं असतं तर? मी आजीला फोनवर कारण सांगितलं. ती म्हणाली, "उन्हाचं नको आनू." ज्या उन्हाळ्यात तिचं मूल गेलं तो तिला आठवत असणार. तरीही तिच्या समजूतदारपणावर मी जोखीम टाकली, हे खरं आहे. दोन अबोल माणसांत कुणाची जोखीम कमी करायची, याचं सूत्र कान्टकडेही नाही आणि पितृऋणातही नाही. मी बाळाची निवडली, कारण आजीला विचारता येत होतं आणि त्याला नाही.

जूनमध्ये गेलो. आजीने हात पुढे केले आणि तो किंचाळून रडला. या वयात अनोळखी चेहऱ्याची भीती वाटतेच. घरातले म्हणाले, "दे रे तिच्याजवळ, होईल सवय." आजीने हात मागे घेतले. "राहू दे. त्याले वाटन तवा येईन." दोन दिवस ती खाली चटई टाकून त्याच्यापासून चार हातांवर बसली. बोलायची, पण धरायची नाही. तिसऱ्या दिवशी तो रांगत गेला आणि तिचा पदर तोंडात घातला.

बाळाला संमती देता येत नाही, हे मी इतका वेळ गृहीत धरलं होतं. ते अर्धंच खरं आहे. ८०० किलोमीटरच्या प्रवासाला त्याची संमती घेता येत नाही. मांडीवर बसायला घेता येते. मोठे निर्णय आपण त्याच्यावर लादणारच. पण म्हणूनच जे छोटे निर्णय त्याच्या आवाक्यात आहेत, कुणाच्या कडेवर जायचं, कधी बास, ते त्याच्याकडून काढून घेऊ नयेत. माणूस 'केवळ' साधन उरत नाही, तो कदाचित इथे.

आणि आठवणीबद्दल एक गोष्ट. माझी पहिली तीन वर्षं मला आठवत नाहीत, आजीला आठवतात. मी कशाला घाबरायचो, कुठल्या गाण्याला झोपायचो, हे तिच्यापाशी आहे. आपल्या आयुष्याचा पहिला भाग आपल्याकडे नसतोच, तो दुसऱ्यांकडे असतो. मुलाची ही वर्षं फक्त आम्हा दोघांकडे आणि आमच्या फोनमधल्या हजारो फोटोंमध्ये ठेवायची, की आणखी काही माणसांकडेही, एवढं मला ठरवता येतं. ती माणसं फार काळ असतील असं नाही. पण त्यातल्या कुणी उद्या त्याला सांगितलं, "तू पहिले दोन दिवस तिच्याजवळ गेला नव्हता," तर त्याला कळेल की तेव्हाही त्याच्या नाही म्हणण्याला घरात जागा होती.